परतीची तारीख

लग्न ठरलं की आपल्याकडे आधी यादी होते. मुलाकडचे चार, मुलीकडचे चार, मधे सतरंजी, आणि ज्याचं अक्षर बरं तो लिहायला बसतो. किती तोळे, किती साड्या, मानपान कुणाचा, पंगतीत गोड काय, सगळं लिहून होतं, वाचून होतं, खाली दोन्हीकडच्या सह्या होतात. त्यात कुणाचं नाक कापलं जात नाही. मग भांडी येतात. त्यांच्यावर मशीन फिरवून नाव घालायचं, नावाखाली तारीख घालायची. चमचासुद्धा सुटत नाही. आणि त्याच घरातलं लेकरू समुद्रापार पाठवायची वेळ आली की आपण काय म्हणतो? घरच्या घरी कागद कशाला!

धुळ्याला देवपुरात बेबाबाई राहतात. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, पोटची लेक मयुरीही अक्काच म्हणते. नवरा लवकर गेला, अक्कांनी पिठाची गिरणी चालवून घर उभं केलं. त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. शिक्षण म्हणाल तर सहीपुरतं, पण हिशोबात वाण्यालाही त्या ऐकत नसत.

मयुरीला चोपड्याला दिली होती. केळी आणि कपाशीचं घर. जावई कुंदन मस्कतला एका कंपनीत लागला. बायकोने गावी सासू-सासऱ्यांजवळ राहावं असं त्याचं म्हणणं, आणि मयुरीला धुळ्याच्या लॅबमधली नोकरी सोडायची नव्हती. शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी मयुरी लेकीला, ऋतिकाला घेऊन देवपुरात आली ती आलीच.

कोर्टात जायचं नाही, हे अक्कांनीच ठरवलं. कोर्टाची पायरी चढली की घराण्याचं नाव जातं, असं त्यांचं मत. मग दोन्हीकडच्यांची बैठक झाली. ऋतिका आईकडे राहील, सणावाराला आजोबा भेटायला येतील, असं तोंडीच ठरलं. लग्नातली भांडी मात्र टेम्पोने परत आली. अक्का जुनी यादी घेऊन ओट्यावर बसल्या आणि एकेक भांडं मोजून आत घेतलं. एका डब्याचं झाकण कमी निघालं. अक्कांनी चोपड्याला फोन केला, आणि ते झाकण एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती आलं तेव्हा कुठे त्या शांत झाल्या.

हे झाकण ध्यानात ठेवा.

एप्रिलमध्ये ऋतिकाचे आजोबा, पितांबर नाना, आले. हातात केळीच्या दोन मोठ्या फण्या, नातीसाठी नवा फ्रॉक. माणूस खरोखर देवमाणूस. चहा झाल्यावर त्यांनी भीत भीत विषय काढला. कुंदनला लेकीची फार आठवण येते, सुट्टीत आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी तिला मस्कतला नेऊ आणि शाळा उघडायच्या आत आणून पोहोचवू, असं ते म्हणाले. जळगावच्या तिकिटवाल्याने सांगितलं होतं की आई सोबत नसेल तर आईची लेखी संमती लागेल, नोटरी केलेली. नानांनी कोरा स्टॅम्प पेपर सोबतच आणला होता.

मयुरीने सदफला बोलावलं. सदफ तिची शाळेपासूनची मैत्रीण, आता धुळ्याच्या कोर्टात वकिली करते. ती आली, तिने मजकूर लिहिला आणि वाचून दाखवला. मुलीचं नाव, पासपोर्टचा नंबर, कुणासोबत जाणार, कुठे उतरणार, तिथला पत्ता आणि फोन, जायची तारीख, परतीची तारीख. आणि शेवटी असं की ही परवानगी एवढ्या प्रवासापुरतीच आहे, मुलीला तिथे शाळेत घालायला किंवा कायम ठेवायला आईची संमती नाही.

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. उतरलेलं तोंड दाराकडे फिरवलं. पण अक्कांना ते दिसलं, आणि पाहुण्याचं तोंड पडलं म्हणजे यजमानाची अब्रू गेली, हे त्यांच्या रक्तात होतं.

"सदफ, तू कोर्टमा वकील. आठे याही बठेल शे," अक्का म्हणाल्या. इथे व्याही बसलेत, हे कोर्ट नाही, असा त्यांचा रोख. "नाना, तुमना सबद शे ना? मंग तारीख कसाले जोयजे?"

सदफ उठली नाही. ती शांतपणे म्हणाली, "अक्का, मयुरीच्या लग्नात तुम्ही यादी मोठ्याने वाचून घेतली होती. मी तिथेच होते. तेव्हा नानांवर अविश्वास होता का?"

"ती भांडासनी गोट व्हती."

"मग पोर भांड्यांपेक्षा हलकी झाली का? तारीख नानांसाठी नाही, अक्का. नाना उद्या आजारी पडले, कुंदनचं मन फिरलं, तर बोट ठेवायला जागा हवी. विश्वास असेल तर लिहायला काय हरकत आहे?"

यावर अक्का हसल्या. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आंडेर शे ती, आंडोर नही. आंडेरले कोन ठेवी लेस?"

मुलगा असता तर भीती होती, मुलीला कोण ठेवून घेतं! हे बोलताना पोर दारात बसून केळं खात होती. मस्कतचा पत्ता विचारायला नानांनी कुंदनला फोन लावून समोरच ठेवला होता, तोही चालू होता. अक्कांना दोन्हींचं भान नव्हतं. गंमत केली, संपलं, असं त्यांना वाटलं.

मयुरी एकदाच म्हणाली, "अक्का, तारीख राहू दे ना." अक्कांनी नुसतं पाहिलं. त्या घरात तेवढं पुरायचं.

शेवटी कागदावर एकच ओळ राहिली. माझी मुलगी ऋतिका हिने वडिलांकडे जाण्यास माझी हरकत नाही. सदफ म्हणाली की असा कागद मी करणार नाही, आणि पर्स उचलून निघाली. अक्का तिच्या पाठीवर म्हणाल्या की फी बुडाली म्हणून बाई रागावली. नोटरी दुसरीकडे झाली. तिथे कुणी काही विचारलं नाही. मयुरीने सही केली.

ऋतिका गेली. जाताना तिने आपलं नाव घातलेला स्टीलचा पेला मागितला. अक्का म्हणाल्या, हरवशील, आल्यावर पी त्यातून.

जून लागला. दुकानांत वह्या-दप्तरं टांगली. मयुरीने नव्या वर्गाची पुस्तकं आणून कव्हरं घातली. चोपड्याहून फोन आला नाही. अक्का स्वतः एस.टी.त बसल्या.

नाना ओसरीवर बसले होते. आत त्यांची बायको भिंतीकडे तोंड करून निजलेली. कोपऱ्यात ऋतिकाची बॅग होती, रिकामी. अक्कांनी काही विचारायच्या आतच नानांनी हात जोडले. कुंदनने तोच कागद दाखवून पोरीचा तिथे राहायचा व्हिसा काढला होता, तिथल्या शाळेतही नाव घातलं होतं. परतीच्या तिकिटांत दोनच तिकिटं म्हाताऱ्यांची निघाली. विमानतळावर पोर आजोबांच्या धोतराला धरून होती, म्हणाले.

"सबद मन्हा व्हता, अक्का," नाना एवढंच म्हणाले. "पोऱ्याना नव्हता."

अक्कांनी तिथूनच कुंदनला फोन लावला. जीभ तलवारीसारखी चालवायची त्यांना सवय. चोर म्हणाल्या, हरामखोर म्हणाल्या, कोर्टात खेचीन म्हणाल्या. कुंदनने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला,

"अक्का, तुम्हीच लिहून दिलंत हरकत नाही म्हणून. आणि मुलीला कोण ठेवून घेतं, असं म्हणालात ना? मला ठेवून घ्यायची होती."

अक्कांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांच्या हातातून फोन नानांनी काढून घेतला.

सदफकडे जाताना अक्का दारात थबकल्या. सदफने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. मुलीच्या ताब्यासाठी इथल्या कोर्टात अर्ज करू. बैठकीत ठरलेलं कोर्टात दाखवता येत नाही, तेव्हाच ताब्याचा हुकूम घेतला असता तर पाय रोवायला जागा असती. आता इथला हुकूम मिळाला तरी परदेशात तो लगेच चालेलच असं नाही. वर्षं जातील. आणि तोवर पोरीची शाळा, मैत्रिणी, सवयी सगळं तिकडचं झालेलं असेल, मग कोर्टही विचार करतं.

"म्हणजे नही ना येवाव?" अक्कांनी विचारलं.

सदफने मान खाली घातली. अर्ज मात्र तिने दुसऱ्याच दिवशी दाखल केला. तो आजही चालू आहे. तारखा पडतात. अक्का प्रत्येक तारखेला मयुरीसोबत जातात, कोर्टाच्या त्याच पायऱ्या चढतात ज्या चढल्या की नाव जातं असं त्या म्हणायच्या. नाव कुठेच गेलं नाही. जायचं ते आधीच गेलं होतं.

रविवारी कुंदन पोरीला फोनवर देतो. सुरुवातीला ती रडायची, मग सांगायला लागली, मग विचारलं तेवढंच बोलायला लागली. एकदा मयुरीने विचारलं की बाळा, आईची आठवण येते का? पोरीने उलट विचारलं.

"मम्मी, तू सही केली होती ना?"

मयुरीने फोन खाली ठेवला आणि ती लॅबला निघून गेली. त्या दिवशी तिने किती लोकांच्या हाताला सुई टोचली, तिचं तिला ठाऊक. अक्का स्वयंपाकघरात होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. सही मयुरीची होती, हात आपला होता, हे त्यांनी रात्री लेकीसमोर बोलून दाखवलं. मयुरीने ऐकलं आणि अंथरूण घालायला घेतलं. मायलेकींत त्यानंतर कामापुरतंच बोलणं होतं.

यंदा शेजारची भूमिका लेकाला नवऱ्यासोबत सिंगापूरला पाठवत होती. नवऱ्याचं ऑफिसचं काम, पोराला सुट्टी, भूमिकाला रजा नाही. सुखाचा संसार, भांडण नाही, तंटा नाही. अक्का आपण होऊन त्यांच्या घरी गेल्या. संमतीपत्र केलं का, त्यात परतीची तारीख घातली का, पत्ता-फोन लिहिला का, एक प्रत स्वतःजवळ ठेवली का, सगळं विचारलं. भूमिकाच्या सासूला ते लागलं. आमच्यात तसं काही नाही अक्का, ती म्हणाली.

"आमनामाबी नव्हतं," अक्का म्हणाल्या, आणि तारीख लिहून होईपर्यंत हलल्या नाहीत.

तो पोरगा लिहिलेल्या तारखेला परत आला. गल्लीत चॉकलेटं वाटत फिरला. अक्कांच्या दारातही आला. त्यांनी चॉकलेट घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं. खरं बघायचं तर ते पोर कागदाशिवायही परत आलं असतं. बहुतेक पोरं येतात. कागद असतो तो न आलेल्या एका पोरासाठी, आणि ते कुणाचं निघेल हे पाठवताना कुणालाच कळत नाही.

तेव्हा बायांनो, बापांनो, नीट ऐका. लेकरू परदेशी पाठवायला ना नाही. आजोबांसोबत पाठवा, बापासोबत पाठवा, आईसोबत पाठवा. पण कुठे, कुणासोबत, कशासाठी आणि कधी परत, हे लिहून द्या आणि वाचून सही करा. वेगळं राहायची वेळ आलीच तर ताबा कुणाकडे हे बैठकीत नाही, कोर्टात ठरवा. तारीख मागणाऱ्याला संशयी म्हणू नका. खऱ्या माणसाला तारीख लिहायला दुखत नाही. आणि मुलगी आहे, तिला कोण नेतं, असं पुन्हा तोंडातून काढू नका. तिची राखण आपण सोडली ती तिथेच, त्या एका वाक्यात.

अक्कांच्या माळ्यावर मयुरीची सगळी भांडी आहेत. सगळ्यांवर नाव आहे, सगळ्यांवर तारीख आहे, त्या झाकणावरसुद्धा. खाली फळीवर ऋतिकाचा पेला असतो. अक्का तो रोज घासून पालथा घालतात. त्यातून कुणी पाणी पीत नाही.