लेन्स जोडलेली नाही

मी एक जुनी लेन्स आहे. काचेची, पितळेची आणि आता थोडीशी बुरशीचीही. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी उत्साहाने बोलायचं असतं म्हणे. मला ते जमायचं नाही. मी दमले आहे. माझी फोकसची कडी जड फिरते, अंगावरचे आकडे बोटांनी घासून पुसट झालेत, आणि बोलायला बसलं की मध्येच डोळा लागेल असं वाटतं. तरी सांगते, कारण एका दुपारी चारचौघांत मला सांगण्यात आलं की मी नाहीच. तेव्हापासून ते बोलणं माझ्या मनातून जात नाही.

जन्म माझा कारखान्यातला. तिथे काच इतकी घासतात, इतकी घासतात, की शेवटी तिला स्वतःचं असं काही उरतच नाही. समोर जे असेल तेच ती दाखवते. तपासणीला बसलेल्या बाईने मला दिव्यासमोर धरून डावीउजवीकडे फिरवलं आणि म्हणाली, "चालेल." आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. त्यात फार पाल्हाळ नव्हतं, पण मला ते पुरलं.

दुकानातून मला कॅमेऱ्यासकट घरी नेलं ते आक्काने. आक्का कपडे शिवायची. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. त्या भावाला फोटोचं वेड लागलं होतं, आणि आक्काच्या स्वभावात अर्धवट वेड बसत नाही. कॅमेरा त्याच्या हातात देत ती म्हणाली, "घे बाळ्या. आता दुसऱ्यांच्या दुकानांच्या काचेला नाक लावून उभा राहू नकोस."

हा बाळ्या म्हणजे माझा मालक. आज त्याचे केस पांढरे झालेत, तरी आक्काच्या तोंडी तो बाळ्याच. माझ्यातून त्याने काढलेला पहिला फोटो आक्काचा होता आणि त्यात तिने डोळे मिटले होते. दुसऱ्यातही मिटले होते. बटण दाबलं की आक्काचे डोळे मिटायचेच. शेवटी मालकाने एक युक्ती शोधली. मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलायचं, म्हणजे आक्का चिडते, आणि चिडलेली आक्का डोळे मिटत नाही.

मग स्टुडिओ निघाला. अरुंद जिन्यावरून वर गेलं की एकच खोली. राखाडी पडदा, छत्रीचा दिवा, आणि एक तीन पायांचं स्टूल, ज्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी कायमची मुक्कामाला होती. त्या स्टुलावर किती माणसं बसून गेली, मला विचारू नका. मालकाची काम करायची रीत ठरलेली. आधी मला पूर्ण उघडायचं, म्हणजे पुष्कळ उजेड आत येतो आणि फोकस नेमका कळतो. मग माणसाच्या डोळ्यावर फोकस जुळवायचा. मग न बघता माझी पुढची कडी दोन घरं बंद करायची, टक, टक, आणि बटण दाबायचं. त्या काळच्या कॅमेऱ्यात माझ्या पाठीमागे एक आरसा असे. तो माझ्यातलं चित्र वर मालकाच्या डोळ्याकडे धाडायचा आणि फोटोच्या वेळी खटकन उडी मारून बाजूला व्हायचा. टक, टक, खटॅक. माझं सगळं तारुण्य या तीन आवाजांत गेलं.

लोक म्हणत, "फोटो अगदी बोलतोय हो!" मालक म्हणे, "लेन्स चांगली आहे." मी चांगली होते हे खरंच. पण समोरच्याला बोलून बोलून त्याचा आवळलेला चेहरा सैल करायचा, ते काम त्याचं होतं. ते श्रेय मी घेणार नाही.

रोलचे दिवस गेले, डिजिटलचे आले. नव्या कॅमेऱ्यावरही मी बसत होते, म्हणून निभावलं. पण मालकाचे डोळे निभावेनात. एका कार्यालयातल्या साहेबांच्या निरोपाचा फोटो होता. सगळा स्टाफ ओळीने उभा. फोटो कागदावर आला तेव्हा एकाही चेहऱ्याला नाकडोळा नाही, आणि मागच्या पडद्याची मात्र शिवण न् शिवण मोजून घ्यावी अशी स्वच्छ. साहेब सभ्य होते. म्हणाले, "पडदा छान आलाय."

मालक तिथे हसला. परत येताना जिन्यात मात्र तो बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे तेवढी नजर टिकेल, गेलेली येणार नाही. त्याने मला चामड्याच्या पिशवीत घातलं, कपाटात ठेवलं आणि दार लावलं.

खरं सांगू, मित्रांनो? मला बरं वाटलं. वाटलं, सुटले एकदाची. पण विश्रांती आणि अडगळ यांत फरक असतो, तो पिशवीत गेल्यावर कळतो. अंधार, दमट हवा आणि चामडं, बुरशीला आणखी काय हवं? माझ्या काचेच्या कडेला तिने बारीक पांढरे धागे विणायला घेतले. ती हळूहळू पसरते आणि मला खाजवताही येत नाही.

इकडे स्टुडिओ मालकाच्या मुलीने हाती घेतला. तिने आणला मिररलेस कॅमेरा. नावातच आलं की यात आरसा नाही. लेन्समधून आलेला उजेड थेट आतल्या सेन्सरवर पडतो, आणि डोळा लावायच्या खिडकीत एक इवलासा पडदा असतो, त्यावर चित्र दिसतं. त्याची स्वतःची लेन्सही आली. ती आपला फोकस आपणच करते. समोर माणूस आला की त्याच्या डोळ्यावर एक हिरवी चौकट जाऊन बसते आणि हलता हलत नाही. कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू येई.

"बाबा, आता फोकसची काळजीच नाही. कॅमेराच करतो. तुम्ही नुसतं बटण दाबायचं."

"नुसतं बटण दाबायला मी कशाला हवा?" मालक म्हणाला. "त्याला एक बोट पुरतं."

मुलीने चांगल्या मनानेच सांगितलं होतं. पण तो त्या कॅमेऱ्याला शिवला नाही. काउंटरवर बसून ओळखपत्रांचे फोटो कापायचा, तेही कडा अंगठ्याने चाचपून.

आणि मग एका दुपारी आक्का आली. जिना चढून धापा टाकत स्टुलावर बसली आणि पाणीही न मागता म्हणाली, "बाळ्या, माझा फोटो काढ."

आक्काच्या कानाखाली गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. जिवाला भीती नाही, पण चेहऱ्याची नस त्या गाठीतूनच जाते, ती वाचेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. एका बाजूचा चेहरा कदाचित खाली ओढला जाईल. पहिल्यासारखं हसता येणार नाही.

"म्हणून म्हटलं, आहे तोवर एकदा काढून ठेवावा," आक्का म्हणाली.

"पोरगी काढेल. तिचा कॅमेरा चुकत नाही."

"तिने काढला की मी साबणाच्या जाहिरातीतली दिसते."

"आत्या!" मुलगी म्हणाली.

"अगं, छान काढतेस तू. पण मला याच्या हातचा हवाय. मी कशी आहे ते याला माहीत आहे."

"मला दिसत नाही, आक्का!" मालक एकदम ओरडला. मी त्याला इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. "तू समोर बसलीयस ना, मला तुझ्या जागी नुसता पिठाचा गोळा दिसतो. उद्या तुझा चेहरा बदलणार, आणि मी आज तो बिघडवून ठेवू?"

मग कपाटाचं दार उघडलं. मुलीने मला पिशवीतून बाहेर काढलं, खिडकीकडे धरलं आणि म्हणाली, "बुरशी लागलीय. पण कडेलाच आहे. मध्ये स्वच्छ आहे, बाबा." तिने एक जाडसर कडी आणली. तिला अडॅप्टर म्हणतात. माझं जुनं तोंड नव्या कॅमेऱ्याला बसावं म्हणून ती मध्ये लावतात. मी कडीत बसले, कडी कॅमेऱ्यात बसली. मालकाने नाइलाजाने कॅमेरा हातात घेतला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. मुलीने पडद्यावरची अक्षरं वाचली. "लेन्स जोडलेली नाही."

मी तिथेच होते, मित्रांनो! कॅमेऱ्याच्या छातीला चिकटून होते. माझ्यातून आलेली आक्का त्याच्या पडद्यावर दिसत होती, आणि तो म्हणत होता की इथे कुणी नाही. नव्या लेन्सा कॅमेऱ्याशी पाठीमागच्या सोनेरी टाचण्यांमधून बोलतात. मला त्या नाहीत. मी मुकी, म्हणून मी नाही.

मालकाने कॅमेरा खाली ठेवला. "ऐकलंस ना? यंत्रालासुद्धा कळतं. आम्ही दोघंही मोडीत निघालोय."

"बाबा, दोन मिनिटं थांबा." मुलगी मेनू उपसायला लागली. या पानावरून त्या पानावर, तिथून आणखी आत. आक्का स्टुलावर पाय हलवत म्हणाली, "एवढ्यात माझी साडी शिवून झाली असती." "साडी शिवत नाहीत, आक्का," मालक पुटपुटला. "तूच शिकव मला," आक्का म्हणाली. तेवढ्यात मुलीला हवं ते सापडलं. लेन्स नसतानाही शटर चालू द्यायचं का, असा प्रश्न होता, आणि त्यापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. कॅमेरा नवा आला तेव्हापासून ते तसंच होतं, कुणी बघितलंच नव्हतं. तिने 'हो' केलं. मग हात थरथरला तरी कॅमेऱ्याने सांभाळून घ्यावं म्हणून माझा मिलिमीटरचा आकडाही भरला, पन्नास. तेवढीच माझी ओळख, पण कुणीतरी करून दिली.

मालकाने खिडकीला डोळा लावला. "हे लाल काय दिसतंय?"

"जिथे फोकस असेल तिथल्या कडा लाल होतात. तुम्ही कडी फिरवा."

त्याने फिरवली. बुरशी होती, जडपणा होता, तरी मी फिरले. लाल रेघ मागच्या पडद्यावरून आक्काच्या केसांवर आली, कानावर आली, पुढे सरकली आणि ठळक झाली. टक, टक. त्याने बटण दाबलं. मुलीने फोटो मोठा करून पाहिला. आक्काच्या चष्म्याची कड अगदी स्वच्छ होती, आणि मागचे डोळे पुसट.

"पुन्हा पडदाच आला ना?" मालक म्हणाला.

"चष्म्याने फसवलं, बाबा. आत्या, चष्मा काढ. आणि तुम्ही लेन्स पुन्हा पूर्ण उघडा. आता हे मागचं बटण दाबा, चित्र मोठं होतं."

त्याने दाबलं. खिडकीत आक्काचा एकच डोळा मावला, एवढा मोठा. मालकाचा हात माझ्या कडीवर थांबला. केसभर पुढे, केसभर मागे, पुन्हा पुढे. मग तो हळूच म्हणाला, "आक्का, तुझ्या पापण्या पांढऱ्या झाल्या गं."

"त्याला झाली की बरीच वर्षं. तुला आत्ता दिसलं होय?"

कॅमेरा बाजूला करून त्याने बाहीने डोळे पुसले. पुसले नसते तर पुढचाही फोटो गेला असता. मग पुन्हा जुळवलं, टक, टक, आणि आक्काने डोळे मिटले.

"मिटलेस."

"मिटणारच. किती वेळ टक लावून बसायचं?"

"तुला पहिल्यापासून नीट बसताच येत नाही. शिवणही तुझी तिरकीच असायची."

"माझी शिवण तिरकी? तोंड सांभाळून बोल, बाळ्या..."

तेवढ्यात त्याने बटण दाबलं. तो फोटो आता स्टुडिओत जिन्यासमोर लावलाय. भुवया चढलेल्या, बोट उगारलेलं, आणि ओठांच्या दोन्ही टोकांना हसू फुटायच्या बेतात. आक्का होती तशी.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, नस वाचली नाही. घाव भरल्यावर आक्का पुन्हा जिना चढून आली. गालावरचा रुमाल काढला आणि स्टुलावर बसली. चेहऱ्याची एक बाजू तिचीच होती, दुसरी खाली ओघळली होती. त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नव्हता.

"हाही काढ," ती म्हणाली. शब्द जरा बोबडे आले. "तुझं काम सोपं झालं बघ. आता एक डोळा तरी उघडा सापडेल."

मालक हसला आणि हसता हसता बराच वेळ खिडकीतून डोळा काढेना. त्याने मला पूर्ण उघडलं. तो न मिटणारा डोळा मोठा केला, पापणी न् पापणी जुळवली. टक, टक. शटरचा आवाज आता बारीक येतो, आरशाची उडी नाही. पण मला तो पुरतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी लेन्स असेल तर तिला चामड्याच्या पिशवीत जपू नका. उजेडात ठेवा, वारा लागू द्या, अधूनमधून कडी फिरवा. आणि एखाद्याला 'हा आता कामाचा नाही' म्हणण्याआधी आपल्याच मेनूत कुठे 'नाही' लिहून राहिलंय का, एवढं बघा. मी दमलेलीच आहे. माझ्या कडेची बुरशी जायची नाही आणि मालकाची नजर यायची नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझ्या नावाच्या जागी अजूनही नुसत्या दोन बारीक रेघा येतात. मालकाला त्या दिसत नाहीत. त्याला आक्काच्या पापण्या दिसतात.