म्हातारी घोडी आणि माझी रिकामी पानं

मी एक जुनं तंबाखूचं झाड आहे. झालं, मुरडलीत ना नाकं? मुरडा मित्रांनो, मला सवय आहे. आमच्या कुळाला कधी कुणी चांगलं म्हटलेलं नाही. कुणाचे दात घालव, कुणाची छाती घालव, हाच आमचा पिढीजात धंदा. पण मला मात्र एका चांगल्या कामासाठी वाढवलं होतं. ते काम काय होतं आणि त्याचं काय झालं, तेवढं ऐकून घ्या. मग हवं तर पुन्हा नाक मुरडा.

मी काचेच्या खोलीत राहतो. भिंती काचेच्या, छत काचेचं. दारं दोन, आणि एक नीट लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आमच्यातला परागाचा कणसुद्धा बाहेर जाता कामा नये, असा इथला नियम आहे. म्हणून आमच्या कळ्या उमलायच्या आधीच खुडतात. काचेपलीकडे फरशीचं अंगण आहे आणि अंगणापलीकडे घोड्यांचा तबेला. माझी कुंडी शेवटच्या रांगेत आहे, त्यामुळे मला तबेल्याचं दार आणि त्याच्या मागचं कुरण दोन्ही दिसतं.

त्या तबेल्यात एक पांढरी घोडी होती. तिला सगळे म्हातारी म्हणत. साप चावलेल्या माणसाला जे औषध टोचतात ना, ते तिच्या रक्तातून बनायचं. आधी तिला विष द्यायचं, अगदी थोडं थोडं. तिच्या अंगात मग त्या विषाला मारणारं एक प्रथिन तयार व्हायचं. मग मानेतून रक्त काढायचं आणि त्यातून ते प्रथिन वेगळं करायचं. इतर घोडेही हे काम करत, पण म्हातारीच्या रक्तात उतरायचं तसं प्रथिन दुसऱ्या कुणाच्या रक्तात उतरत नसे. म्हणून तिचे गुडघे सुजले, पाठ खाली गेली, तरी तिची सुटका होईना. चांगलं काम करणाऱ्याच्या वाट्याला आणखी काम येतं, ते काही माणसांतच नाही.

तिला सांभाळणाऱ्या माणसाला सगळे घोडेकाका म्हणत. त्यांनी शीळ घातली की म्हातारी आपण होऊन लाकडी चौकटीत येऊन उभी राहायची आणि मान वळवून पुढे करायची. काका सुई टोचायचे आणि भिंतीकडे बघत उभे राहायचे. त्यांची एकुलती एक मुलगी या तबेल्यातच लहानाची मोठी झाली. तिने एकदा विचारलं होतं, "बाबा, हिला कधी सोडणार?"

काका म्हणाले होते, "हिचं काम करणारं दुसरं कुणी मिळालं की."

पोरीने ते मनावर घेतलं. ती खूप शिकली आणि शिकून परत इथेच आली. इथे तिला सगळे बाई म्हणतात, काका सोडून. म्हातारीच्या शरीराला ते प्रथिन कसं बनवायचं हे जिच्यामुळे कळतं, ती कृती बाईंनी शोधून काढली आणि आमच्या जातीच्या पानाच्या एका तुकड्यात घातली. कृती घोड्याच्या घरची, चूल तंबाखूची, असा तो प्रकार होता. त्या तुकड्याला काचेच्या बरणीत कोंब फुटला. तो कोंब म्हणजे मी.

काय लाड झाले माझे, सांगू! पान जरा पिवळं पडलं की बाई हातातला घास टाकून धावत यायच्या. काका तबेल्याचं आटोपून यायचे आणि माझ्यापुढे स्टूल ओढून बसायचे. "उतरव रे बाबा तेवढं पानात," म्हणायचे. "म्हातारी आता थकली." मी मुळं खुपसून पाणी ओढायचो, ऊन पडलं की सगळी पानं तिकडे फिरवायचो. आपल्या पानात काय उतरतं आणि काय नाही, हे झाडाला कळत नाही, मित्रांनो. ते तपासावंच लागतं.

तपासणीचा दिवस आला आणि नेमका त्याच दिवशी बाईंना ताप भरला. तरी त्या आल्या. हातमोजे घालून त्यांनी आधी शेजारच्या, ती कृती न घातलेल्या साध्या झाडाचं एक पान खुडलं. साध्या झाडात काही नसायला हवं आणि माझ्यात असायला हवं, म्हणजे खरं, अशी ती पद्धत. मग त्यांना भोवळ आली आणि त्या बाकावर बसल्या. तेवढ्यात काका तबेल्यातून आले. म्हणाले, "बस तू. मी देतो खुडून." त्यांनी माझी चांगली रुंद पानं निवडली, देठाला अलगद धरून खुडली आणि पिशवीत घालून मुलीच्या हातात दिली.

साध्या झाडाच्या पानात काही नव्हतं. माझ्या पानात म्हातारीचं प्रथिन होतं.

बाई हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. इथले मोठे साहेब स्वतः मला बघायला आले, माझा फोटो निघाला, आणि त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "सोडा त्या घोडीला." काकांनी म्हातारीच्या तोंडावरची दोरी काढली आणि कुरणाचं फाटक उघडलं. ती आधी फाटकातच थांबली. मग हळूहळू आत गेली आणि एवढ्या वयाची घोडी चारी पाय वर करून गवतात लोळली. काका कुंपणाला टेकून बघत राहिले. नंतर माझ्याकडे येऊन त्यांनी माझ्या खोडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. तंबाखूच्या झाडाला असा नमस्कार कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मला फार अभिमान वाटला.

मग औषधासाठी पानं खुडायला सुरुवात झाली. या वेळी सगळी पानं बाईंनी स्वतः खुडली. ती वाटून रस काढला. रसात काहीच सापडलं नाही. त्यांनी पुन्हा तपासलं, आणखी एकदा तपासलं. मग त्यांनी वडिलांना माझ्यापुढे बोलावलं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही कुठून आला होतात?"

"तबेल्यातून. म्हातारीचं रक्त काढून."

"हात धुतले होते?"

"पुसले होते की, पोरी. अंगरख्याला."

म्हणजे माझ्या पानांत सापडलं ते म्हातारीचंच होतं. काकांच्या बोटांना लागून आलेलं. माझी पानं पहिल्यापासून रिकामी होती.

बाई गप्प बसल्या असत्या, तर लगेच कुणाला कळलं नसतं. म्हातारी तोवर गवतात राहिली असती. पण दवाखान्यांत औषध संपत आलं होतं आणि माझ्या रसावर विसंबून कुणी साप चावलेल्याला टोचलं असतं, तर तो माणूस हकनाक गेला असता. बाई उठल्या आणि साहेबांना सगळं खरं सांगून आल्या. वडिलांचं नाव घेतलं नाही. "चूक माझी," म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "घोडीला परत घ्या."

दुसरं कुणी आणायला गेलं असतं तर ती कदाचित पळाली असती. पण काकाच गेले. फाटकाशी उभे राहून त्यांनी शीळ घातली. ती नीट वाजलीसुद्धा नाही. म्हातारीने गवतातून मान वर केली, कान टवकारले आणि ती आली. दोरी लावायला लागली नाही. अंगण ओलांडून ती सरळ चौकटीत जाऊन उभी राहिली आणि रोजच्यासारखी मान वळवून तिने पुढे केली. काकांनी त्या दिवशी भिंतीकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच बघत राहिले.

थंडी सरायच्या आत म्हातारीने प्राण सोडला. तोवर पुन्हा कुरणात काही गेली नाही.

बाईंनी हात टेकले नाहीत. माझ्यानंतर त्यांनी पुष्कळ झाडं केली आणि त्यांतल्या एकाच्या पानात ते खरोखर उतरलं. या वेळी तीन वेगवेगळ्या माणसांनी हात धुऊन पानं खुडली आणि तिघांच्याही पानांत ते सापडलं. आता पुढच्या रांगा सगळ्या त्याच्या लेकरांच्या आहेत, आणि तबेल्यातले उरलेले घोडे कुरणात चरतात. चांगलं झालं. मला त्याचा आनंद आहे. फक्त जिच्यासाठी हे सगळं मांडलं, ती बघायला नाही, हे काही केल्या मनातून जात नाही.

माझ्यासारखी निकामी झाडं वाफेच्या पेटीत घालून संपवतात. काकांनी मला मागून घेतलं. आमची जात खरं तर एका हंगामाची, पण ते मला बुंध्यापासून छाटतात आणि मी पुन्हा फुटतो. रोज पाणी घालायला येतात. त्याआधी नळाखाली साबण लावून कोपरापर्यंत हात धुतात, नखांतसुद्धा घासतात.

परवा बाई म्हणाल्या, "आता कशाला धुता, बाबा? त्याच्यात काही नाही."

"माहीत आहे," काका म्हणाले आणि हात धूत राहिले.

मित्रांनो, आनंदाची बातमी हाती आली की ती एकदा पुन्हा तपासून घ्या. एकदा मोकळं सोडलेल्या जिवाला तुम्ही परत हाक मारलीत, तर तो येतो हो. तुमच्यावर विश्वास ठेवून येतो.