सरळ अक्षरं, मऊ ब्रेक

आधी तो हात काढा बघू माझ्यावरून. मध्यंतरी तीन दिवस जो येईल तो मला दाबून बघायचा आणि 'च्च' करून जायचा, तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. तर मी कोण? जाडजूड चार चाकांची आणि मोटारसायकलसारख्या हँडलची ही जी एटीव्ही अंगणात उभी आहे ना, तिच्या उजव्या मुठीपुढचा मी ब्रेकचा लिव्हर. दिसायला वीतभर दांडा, पण उतारावर सगळी भिस्त माझ्यावर.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यातला. माझ्यासारखे शेकडो भाऊ एकाच खोक्यात होते. कोण कुठल्या गाडीला गेला, देव जाणे. माझ्या नशिबी नर्सबाई आल्या. दर सोमवारी डोंगरावरच्या वस्तीत जाऊन बाळांना लस टोचायची, हे त्यांचं काम. मागे लशींची थंड पेटी बांधायची की निघाल्या. चढताना मला काही काम नसतं. उतरताना मात्र एका बाजूला दरी आणि पुढे सुटलेली वाट. सहा वर्षं त्या उतारावर त्यांची दोन बोटं माझ्यावर असतात. फक्त दोन. एवढा विश्वास त्यांचा नवऱ्यावरही नसेल.

नवरा पेंटर आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतो. हात छान, पण स्वभाव असा की अक्षर जरा तिरकं दिसलं तर जेवण जात नाही. परक्याच्या दुकानाची पाटी कलली असेल तर शिडी मागून सरळ करून येईल. मनाने मात्र भला माणूस. बाई दर सोमवारी परत येईपर्यंत त्याचा ब्रश धड चालत नाही. म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला त्याने पुढच्या दोन्ही चाकांना मोठे, नवे ब्रेक बसवायचं मनावर घेतलं.

नवे पाइप आले, नवे कॅलिपर आले. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी आवळून धरणारा चिमटा. मला दाबलं की पाइपातलं तेल पुढे सरकतं आणि चिमटा आवळला जातो. इतका साधा आमचा संसार.

शुक्रवारी दुपारी काम संपलं. पेंटर दोन पावलं मागे सरला, मान कलती करून पाटी न्याहाळतो तशी चाकं न्याहाळली, खूश झाला. मग मला दाबलं. मी थेट मुठीला जाऊन टेकलो! भराभर चार-पाच वेळा दाबलं की जरा ताठ व्हायचो, क्षणभर उसंत मिळाली की पुन्हा लोण्याचा गोळा. मला माझीच लाज वाटली हो. तेलात हवा राहिली की असंच होतं. तेल दबत नाही, हवा दबते, आणि माझा सगळा जोर तीच गिळून बसते.

शनिवारी बाईंचा भाऊ आला. त्याचं पंक्चरचं दुकान, त्यामुळे चाक या विषयावर त्याचाच शब्द शेवटचा. दोघांनी हवा काढायला घेतली. एकाने मला दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरचा छोटा स्क्रू सैल करायचा, नळीतून बुडबुडे बाटलीत गेले की स्क्रू आवळायचा, मगच मला सोडायचं. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. तेलाची एक बाटली संपली, दुसरी संपली. बुडबुडे यायचे थांबले, मी मात्र मऊचा मऊ.

मग दोष द्यायला सुरुवात झाली. आधी पाइपांना दिला, मग तेलाला, आणि रविवारी फिरून फिरून माझ्यावर आले. मेहुणा म्हणाला, लिव्हरच म्हातारा झालाय दाजी, लाल चकचकीत मिळतो, टाका बदलून. आणि पेंटरने चक्क मान डोलावली! सहा वर्षं त्याच्या बायकोला सुखरूप घरी आणलं, त्याचं हे फळ. दुखणं कुठे आहे ते मला कळत होतं, पण आम्हाला तोंड कुठे?

संध्याकाळी बाई बाहेर आल्या. ब्रेक झाला का, विचारलं. पेंटर म्हणाला, उद्या जाऊ नकोस. त्या म्हणाल्या, वस्तीत अकरा बाळं आहेत, गाडी नसेल तर पेटी घेऊन चालत जाईन. चालत गेलं तर चार तास. भरलेली पेटी घेऊन एवढा चढ कसला चढवतोय, हे दोघांनाही ठाऊक होतं. पेंटरचा चेहरा पडला.

बाई चाकापाशी उकिडव्या बसल्या. बराच वेळ तो स्क्रू बघत राहिल्या.

"अहो, इंजेक्शन भरल्यावर मी सुई वर का धरते?"

"हवा वर येते म्हणून."

"मग तुमचा हा स्क्रू खाली का?"

मेहुणा वाकला, फडक्याने कॅलिपरची आतली बाजू पुसली, तिथली डाव्या-उजव्याची खूण वाचली आणि हळूच म्हणाला, "दाजी, डावा उजवीकडे बसलाय."

पेंटर स्वच्छ असलेले हात पुन्हा पुन्हा पुसत राहिला. शेवटी पुटपुटला, "नीट बसवले की कंपनीचं नाव उलटं दिसत होतं."

बाई हसत हसत खालीच बसल्या. मेहुण्याने तोंड फिरवलं, पण खांदे गदगदत होते. पेंटर मात्र हसला नाही. तो उताराकडे बघत होता. माझा सगळा राग तिथेच गेला.

अंधार पडायच्या आत कॅलिपरांची अदलाबदल झाली. स्क्रू वर आला आणि पहिल्याच दाबाला कोंडलेली हवा भसाभस निघाली. मी असा ताठ झालो की मेहुण्याने लाल लिव्हरचं नावही काढलं नाही.

सोमवारी सकाळी पेंटर आधी स्वतः चढाच्या टोकापर्यंत जाऊन तो उतार उतरून आला. चारही बोटांनी त्याने मला धरलं होतं. मग गाडी बाईंच्या हाती दिली आणि फक्त "जा" म्हणाला. दुपारी बाई परत आल्या. अकराही बाळं रडली म्हणे, म्हणजे काम चोख झालं.

तर मंडळी, गाडीला नवं काही बसवलंत आणि मी मऊ लागलो, तर लगेच मला म्हातारा ठरवू नका. आधी आपण काय उलटंपालटं केलंय ते बघा.

कंपनीचं नाव अजून उलटंच आहे. त्यावर रंग फासायला पेंटरला कितीसा वेळ लागणार, पण त्याने फासला नाही. दर सोमवारी बाई निघायच्या आधी तो दोन्ही चाकांपाशी वाकतो, अक्षरं उलटीच आहेत ना ते बघतो, आणि मगच वाटेतून बाजूला होतो.