आवाजाची भिंत

"तुह्या आईनं आज पुन्हा माह्या वरनात पानी घातलं. मी भाकर पलटाले वळली, का घातलंच. मले काय दिसत नाही का?"

मित्रांनो, हे गाऱ्हाणं योगिनी माझ्या तोंडाशी तोंड आणून करत होती. ती नवी नवरी होती. शेजारी ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन तिचा नवरा प्रज्वल बसला होता. तो म्हणाला, "मंग वरन वाढलं न! अजून एक पाहुना जेवला असता." तिने त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि दोघं तोंड दाबून हसत बसले. पलीकडच्या खोलीत त्याच सासूबाई डोळ्यांवर पदर घेऊन पडल्या होत्या. त्यांच्या कानावर यातला एक शब्दही गेला नाही. ती करामत माझी होती.

मी एक जुन्या पद्धतीचा कूलर आहे. फ्रीजसारखा गोरागोमटा नाही, की एसीसारखा भिंतीवर चढून बसणाराही नाही. पत्र्याचं पोट, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, पुढे जाळी आणि आत एक दांडगा पंखा, एवढीच माझी इस्टेट.

वाशीमला बाबूलाल मिस्तरीच्या दुकानात माझा जन्म झाला. पत्रा ठोकताना जो आवाज झाला, तो माझ्या अंगात भिनला असावा. कारण पहिल्यांदा बटण दाबलं, तेव्हा समोरच्या पानटपरीवर पेंगणारा माणूस दचकून उठला. बाबूलाल मात्र खूश. तो म्हणाला, "हवा पाह्यजे त आवाज बी पाह्यजे. मुका कूलर अन् मुका जावई, दोनी कामाचे नाही." मग मला आकाशी रंग दिला आणि दुकानापुढे उभं केलं.

मला पसंत केलं योगिनीच्या वडिलांनी. ते केनवडचे शेतकरी. सोयरीक जमल्यावर ते शेलूबाजारला मुलीचं सासर बघून आले होते. तिथे त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या. जावई हसरा आहे आणि घर टिनाचं आहे. पहिलीने समाधान झालं, दुसरीने झोप उडवली. म्हणून आंदणात अलमारी द्यायची सोडून त्यांनी मला दिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरीले गरमी नको होऊ देजो." माणसं जावयाला जे सांगायला लाजतात, ते कूलरला सांगून टाकतात.

शेलूबाजारला टेम्पोतून उतरलो, तेव्हा सासूबाई मनकर्णाबाईंनी माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "फ्रीज म्हनलं होतं माय, हे धूड आलं." सासरे गोपीचंदराव एरवीही कमीच बोलत. त्यांनी मला आतल्या खोलीच्या खिडकीत बसवलं.

आता त्या घराची एक गंमत सांगतो, कारण माझं सगळं आयुष्य तिच्यावर उभं आहे. घराला खोल्या दोन आणि वर एकच टिन. मधली भिंत गोपीचंदरावांनी स्वतः उचलली होती. वरचा हात-दीड हात बाकी असताना विटा संपल्या. "पुढच्या साली पुरी करू," असं ते म्हणाले, आणि पुढचं साल दर साली पुढेच गेलं. त्यामुळे इकडे कोणी सुस्कारा टाकला, तर तिकडे विचारणा व्हायची, "काय झालं व?"

अशा घरात नव्या जोडप्याने बोलावं कसं? मी सुरू झालो की प्रश्न मिटायचा. भिंतीचा तो राहिलेला हात-दीड हात माझ्या आवाजाने भरून निघत असे. चारचौघांत योगिनी त्याला 'अहो, आयकलं का' म्हणे. माझ्यापुढे बसली की ती त्याला 'प्रज्वल' म्हणायची, 'तू' म्हणायची, कधी 'बावळट' म्हणायची. दुपारी मिलमधून तो जेवायला घरी आला, की जेवणानंतर अर्धा तास हा त्यांचा दरबार.

तो हायवेवरच्या एका डाळ मिलमध्ये मशीनवर होता. तो मिलच्या गमती सांगे. मालक जिनेशशेठ फोनवर बायकोशी बोलताना कसे खुर्चीतून उठून उभे राहतात, ते करून दाखवी. ती गावातल्या बायकांच्या नकला करी. सासूबाई मोबाईल उलटा धरून कशा ओरडतात, ते दाखवताना ती स्वतःच इतकी हसे की नक्कल अर्धीच राहायची. माझ्यात पाणी भरायचं कामही दोघं मिळूनच करत. नळाचा भरोसा नाही, म्हणून हातपंपावरून बादली आणायची. एका बादलीला दोघांचे हात. अर्धं पाणी माझ्या पोटात, अर्धं एकमेकांच्या अंगावर. खरबुजाची फोड माझ्या जाळीपुढे धरून गार करायची आणि मग ती कोणी खायची यावर भांडायचं. मित्रांनो, मी हवा पुष्कळ फेकली, पण गारवा तिथेच पाहिला.

पाऊस लागला की कूलरला गोणपाट पांघरून विसरून जातात. त्या वर्षी माझ्यावर गोणपाट पडलंच नाही. पाऊस सरला, दिवाळी झाली, तरी प्रज्वल बिनपाण्याचा का होईना, मला सुरू करायचा. मनकर्णाबाई म्हणत, "थंडीत कूलर कायले रे?" तो म्हणे, "मच्छर हाय न आई." योगिनी पलीकडे तोंड करून हसायची. तिला वाटे, याला आपल्याशी बोलायचं असतं. मलाही तसंच वाटलं. मी थंडीत कुडकुडत फिरलो आणि स्वतःला भाग्यवान समजलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात काहीतरी बदललं. प्रज्वल मोठ्याने बोलू लागला. ती कुजबुजून विचारी, "आज जिनेशशेठनं काय केलं?" आणि हा हाळी दिल्यासारखा म्हणे, "काय म्हनलं?" ती घाबरून त्याच्या तोंडावर हात ठेवी. पलीकडे मनकर्णाबाईंची बांगडी वाजली की दोघं गप्प. पुढे पुढे मिलच्या गमती बंद झाल्या. ती एकटी सांगे, तो ऐके. ती हसली की तोही हसे, पण किंचित मागाहून. मला वाटलं, माझ्या एवढ्या आवाजातून वाट काढत तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत असेल.

घरात सगळ्यांनाच तसं वाटलं. किंवा सगळ्यांनी तसं वाटून घेतलं. दारात दूधवाला हाका मारून गेला, प्रज्वल उठला नाही. "त्या कूलरच्या आवाजात काय आयकू येईन!" पाठमोऱ्या प्रज्वलला आईने जेवायला बोलावलं, त्याने मान वळवली नाही. "मेला कूलर!" एकदा तर मी बंद होतो, माझी पाती फिरतही नव्हती, तरी बोल मलाच लागले. "दिवसभर भनभन करते, मंग पोराचं डोकं बधिर होणार नाही त काय?"

यामागे एक कारण होतं. ते मला योगिनीकडून कळलं आणि तिला शेजारणीकडून. गोपीचंदरावांना एक मोठे भाऊ होते, जगदेव नावाचे. ऐन जवानीत त्यांचे कान गेले. गाव त्यांना बयरा जगदेव म्हणायचं. पोरं मागून टाळ्या पिटायची. बाजारात लोक नुसते ओठ हलवून त्यांची मजा बघायचे. त्यांना कोणी मुलगी दिली नाही. ते गेले, त्या दिवशीही एकजण म्हणालाच, "वरच्यानं हाक मारली थे बरी आयकू आली." गोपीचंदरावांनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून त्या घरात तो शब्द निघत नाही. सगळे माझं नाव घेत. कूलरचं नाव घ्यायला काय जातं?

आणि मग, मित्रांनो, माझ्यावर उपचार सुरू झाले.

आधी मला तेल पाजलं. मग माझे नटबोल्ट आवळले, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. मनकर्णाबाईंनी तर माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेवटी संघदीप नावाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मला उघडून माझी मोटार काढली, तो दांडगा पंखा काढला आणि दुसरी मोटार, छोटा पंखा बसवून बटण दाबलं. मी फिरलो आणि माझं मलाच कळेना की मी फिरतोय. संघदीप म्हणाला, "घ्या काकू. आता मांजर जवळून गेली तरी आयकू येईन."

मनकर्णाबाई आशेने लेकाजवळ गेल्या. तो पोत्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्या हळूच म्हणाल्या, "बाबू, चाय घेतं का?"

तो नाडी बांधत राहिला.

सगळ्यांनी पाहिलं. संघदीपने पाहिलं आणि तो आपला पाना पिशवीत टाकू लागला. मनकर्णाबाईच मग म्हणाल्या, "नाही रे संघदीप, अजून आवाज येतेच याचा." संघदीपने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो काकू. थोडा येते खरा."

आवाज गेला आणि भिंत पुन्हा हात-दीड हात उघडी पडली. आता योगिनीची कुजबुज पलीकडे जाऊ लागली. तिला ते कळलं नाही. म्हातारीला कळलं. वरणातल्या पाण्याचं गाऱ्हाणंही एकदा त्यांच्या कानी गेलं असावं. मला वाटलं, आता भांडण होणार. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी प्रज्वल जेवून आत आला, की मनकर्णाबाई म्हणत, "टिनाखाली लय उकडते, चला जी बाहेर." आणि दोघं म्हातारे भर उन्हात अंगणात, पाण्याच्या पिंपाच्या तुटपुंज्या सावलीत जाऊन बसत. अंगावर गरम वारा घेत. पोरांना बोलता यावं म्हणून. वरणात पाणीही त्यांनी घालायचं सोडलं.

आणि आत पोरगी बोलत होती. रोज बोलत होती. दिवसभर साठवून ठेवलेलं एकेक काढून त्याच्यापुढे मांडत होती. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि ती हसली की हसे. थंडीतही तो मला का फिरवायचा, ते मला आता कळून चुकलं होतं. पण कूलरला कोण विचारतो? बाहेर सावली सरकली की म्हातारे सरकत. आत योगिनीची नक्कल संपली की नवी सुरू होई. चौघंही एकमेकांना जपत होते आणि कोणाचंच काही जपलं जात नव्हतं.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. उन्हाळा संपला की आमच्या पोटातलं पाणी काढा, नाहीतर पत्रा खातो. ताट्या वर्षाला बदला. लहान मुलांना ओल्या हाताने आम्हाला शिवू देऊ नका. आणि जे माणसाचं दुखणं आहे, त्याचा आळ आमच्यावर घेऊ नका. आम्ही तो मुकाट्याने घेतो, गंजेपर्यंत वागवतो, पण त्याने दुखणं बरं होत नाही. नुसता वेळ जातो, आणि वेळ तुमचा असतो.

हे मी कालपर्यंत नुसतं मनात म्हणत होतो. काल दुपारी प्रज्वल नेहमीसारखा जेवून आत आला. म्हातारे बाहेर गेले. योगिनी हात पुसत आली आणि माझ्यापुढे, त्याच्यासमोर बसली. तिच्या हातात मोबाईल होता. आज तिने कोणाची नक्कल केली नाही.

"दादाचा फोन होता," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबाले सकाळी अर्धांग झाला. अंगाची एक बाजू गेली म्हनते. अकोल्याले नेऊन राह्यले. प्रज्वल, मले अकोल्याले... मले बाबाले पाहाचं हाय."

एवढं बोलताना तिचे ओठ ओढले गेले. रडू फुटायच्या आधी माणसाचं तोंड जिकडे ओढलं जातं, तिकडेच ते हसण्याच्या आधीही जातं. मी रोज तोंडासमोर उभा असतो, मला ते ठाऊक आहे.

प्रज्वल हसला. नेहमीसारखा, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत.

योगिनी त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहू लागलं. त्याचा हात तोंडावर तसाच राहिला आणि हातामागचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

कुजबुज बाहेर गेली होतीच. मनकर्णाबाई धावत आल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. "अवं, त्याले आयकू गेलं नसन व," त्या घाईघाईने म्हणाल्या, "हा कूलर मेला..." मागून गोपीचंदराव आले. ते सावकाश माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझं बटण बंद केलं.

माझी पाती थांबली. चौघं जागच्या जागी होते. योगिनीच्या वडिलांचं काय झालं, हे त्यातल्या तिघांना माहीत होतं.

प्रज्वलने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणाचेच ओठ हलत नव्हते. मग त्याने योगिनीचा मोबाईल धरलेला हात दोन्ही हातांत धरला आणि तो बोलला. त्याला वाटलं असेल हळू बोलतोय, पण ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"मले आयकू येत नाही, योगिनी. कोनाले न सांगता दवाखान्यात जाऊन आलो मी. कानातली नस वाळली म्हनते. मशीन लावून पाह्यली, तरी नाही. तू इथं बसून मले सांगते न रोज, थे मले कधीचं काहीच आयकू येत नाही. तू हासली का मी हासतो."