सैल पडलेली पाठ

साहेबरावांच्या मोटारसायकलची शिरूरमध्ये लोक थट्टाही करायचे आणि तिच्यावर बसायलाही धडपडायचे. सीट त्यांनी इरशाद सीटवाल्याकडून दोनदा उसवून पुन्हा शिवून घेतली होती. आधीचा फोम दबला म्हणून दुसऱ्या वेळी चांगला जाड घातला. मागं पाठ टेकायला रेक्झिनची गादी होती. बायको अंजना लुगड्यामुळं एका बाजूला पाय सोडून बसायची, म्हणून तिची दोन्ही पावलं नीट मावतील अशी रुंद लोखंडी पट्टी त्यांनी स्वतः कारखान्यात वेल्डिंग करून आणली होती. हँडलच्या मुठींना स्पंज गुंडाळलेला. लांब जायचं असलं की साहेबराव कमरेला पट्टा बांधायचे, कानात कापूस घालायचे आणि ओला पंचा मानेभोवती टाकायचे.

"अंग अवघडलं न्हाई, की माणूस दमत न्हाई," ते सगळ्यांना सांगायचे. "आन् दमला न्हाई, की लांबचा रस्ता जवळचा व्हतो."

अंजनाला एस.टी. सोसत नसे. तळेगाव ढमढेऱ्याला जाईपर्यंतच तिचं पोट ढवळायला लागायचं. त्यामुळं नवऱ्याचा हा सगळा खटाटोप आपल्यासाठीच चाललाय असं ती धरून चालली होती, आणि मनातून तिला ते फार आवडायचं.

दोन हजार दोन सालच्या मार्चमध्ये दोघं सोलापूरला निघाली. लेक गौतमी तिथं दिली होती. तिला नववा महिना लागला होता आणि सासूनं अंथरूण धरलेलं, तेव्हा आईनं जाणं भाग होतं. साहेबराव त्याच पहाटे सणसवाडीच्या कारखान्यातून नाईट करून आले, अंघोळ केली, घटकाभर पडले आणि उन्हं चढायच्या आत गाडी बाहेर काढली. न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून सोलापूर रोड, असा रस्ता. वरवंडला साहेबरावांची चुलत बहीण ताईबाई राहायची. तिनं रस्ताच अडवला म्हणा ना. मटण शिजत घातलं होतं. भाकरीवर भाकरी वाढत ती म्हणाली, "दादा, जरा आडवं व्हा की. ऊन उतरल्यावर जा."

"नको, दिवस मावळायच्या आत पोचायचंय," साहेबराव म्हणाले आणि पंचा भिजवून गळ्यात टाकला.

पाटस गेलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंनी ऊस आणि वरून पांढरं ऊन. समोरून टँकर, ट्रक, लक्झरी एकापाठोपाठ एक येत होत्या. अंजनाचा उजवा हात नवऱ्याच्या पोटाभोवती होता, खांदा त्याच्या पाठीला टेकलेला. पंचवीस वर्षं ती अशी बसत आली होती. गाडी खड्डा चुकवायच्या आधी ती पाठ कशी आवळते, ब्रेक लावायच्या आधी कशी ताठ होते, हे तिला बघावं लागत नसे.

ती पाठ सैल पडली.

अंजनाला आधी नीटसं कळलंच नाही. वाटलं, बसण्याची बाजू बदलतायत. मग त्यांचं डोकं हळूच पुढं झुकलं. गाडी मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडं सरकली, पट्टा चाकाखाली आला आणि समोरच्या टँकरनं जोरात हॉर्न दिला. साहेबराव दचकले. गाडी हिसका खाऊन डावीकडं आली. टँकरचा गरम वारा दोघांच्या अंगावरून गेला.

"अवो! झोपला व्हता का?"

"येडी हायस का? डोळ्यात चिलट गेलं."

"थांबा जरा. च्या घेऊ."

"आत्ता जेवलोय, आन् च्या कसला? भिगवणला थांबू."

चिलट नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डोळ्यात चिलट गेलेल्या माणसाची पाठ अशी ओल्या कापडासारखी पडत नाही. चालत्या गाडीवरून उतरता येत नव्हतं. गाडी चालवणं तर तिला येतच नव्हतं. या माणसाला जागं ठेवणं एवढंच तिच्या हातात होतं, म्हणून ती बोलायला लागली. गौतमीला मुलगा झाला तर नाव काय ठेवायचं, मुलगी झाली तर काय. घराच्या मागं न्हाणी बांधायची का. भावकीतलं लग्न कधी निघालं. साहेबराव आधी नीट उत्तर देत होते. मग नुसतं "हं" येऊ लागलं. मग ते "हं" सुद्धा उशिरा यायला लागलं.

तिच्या हाताखाली त्यांचं पोट वरखाली होत होतं. त्यातला श्वास लांबत चाललाय, हे तिला हाताला कळलं. झोपलेल्या माणसाचा श्वास असा असतो. तिनं जोरात चिमटा काढला.

"अगं ए! काय करतीस?"

"मला जायचंय," ती म्हणाली. "थांबवा गाडी. दम निघत न्हाई."

या कारणापुढं त्यांचा इलाज चालला नाही. कुरकुंभ मागं पडलं होतं. एका लिंबाखाली गाडी उभी राहिली. अंजना झाडाआड गेली आणि तशीच परत आली. साहेबराव पाण्याच्या बाटलीनं तोंड धूत होते. डोळे लालभडक झाले होते.

"इथं पंचा टाका आन् घटकाभर पडा," ती म्हणाली. "मी बसते राखण."

"आन् पोरगी? तिला काय झालं-बिलं म्हंजी?"

"आपुन मेल्यावर तिच्याकडं कोण जाणार हाय?"

हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि साहेबरावांचा चेहरा उतरला. पण तेवढ्यापुरताच. लगेच ते चिडले. वीस वर्षं शिफ्ट करून गाडी चालवतोय, मला शिकवतीस का, असं म्हणत त्यांनी किक मारली. "बसायचं न्हाई ना? मग ये चालत." गाडी खरंच पुढं गेली. अंजना रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ट्रक जाताना पदर उडत होता. पुढं, बऱ्याच अंतरावर, साहेबराव थांबले आणि मागं न बघता उभे राहिले.

ती चालत गेली आणि बसली. का बसली, हे तिनं पुढं स्वतःला कितीदा विचारलं. लेकीची काळजी होती, ऊन होतं, आणि पंचवीस वर्षांत ती बसली नाही असं कधी झालंच नव्हतं.

आता तिनं बोलणं सोडून दिलं. नुसता श्वास ऐकत राहिली. पुढं रस्त्याच्या कडेला काहीतरी मोठं, हिरवट दिसत होतं. जवळ येत गेलं तशी ती उसानं भरलेली ट्रॉली निघाली. चाक मोडल्यानं अर्धी रस्त्यावर उभी होती. मागं दगड मांडून एक फांदी टाकलेली. समोरून ट्रक येत होता.

"अवो, ट्रॉली हाय."

उत्तर आलं नाही.

"अवो!" तिनं त्यांच्या खांद्यावर बुक्की मारली. डोकं नुसतं हललं. मुठीवरचा हात ढिला पडला होता, गाडीचा वेग उतरत होता, पण गाडी सरळ ट्रॉलीवरच चालली होती. उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी आता स्वच्छ दिसत होती. फांदीची पानंसुद्धा दिसत होती.

अंजनानं दोन्ही हातांनी त्यांचा सदरा खांद्याशी धरला आणि सगळ्या अंगाचा भार डावीकडं टाकला. गाडी कलली. दगड मागच्या चाकाला घासून गेला. डांबर संपलं, मुरूम आला, मग उतार, आणि नंतर नांगरलेली ढेकळं तिच्या तोंडासमोर आली.

पहिल्यांदा तिला आवाज ऐकू आला तो गाडीचा. आडवी पडून ती अजून चालूच होती. साहेबराव दोन हात लांब पालथे पडले होते, आणि हलत नव्हते. अंजना रांगत गेली. कोपरापासून रक्त वाहत होतं, ते तिच्या ध्यानातही नव्हतं. तिनं त्यांना उताणं केलं. तोंडात माती गेली होती. तिनं ती बोटानं काढली. "अवो, बोला. अवो."

डोळे उघडले. "काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि लहान पोरागत इकडंतिकडं बघायला लागले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. त्या क्षणी ती सगळ्यात जास्त घाबरली.

ट्रॉलीच्या सावलीत बसलेला ट्रॅक्टरवाला भैरू पळत आला. त्यानं गाडी बंद केली, दोघांना पाणी पाजलं, एका जीपला हात केला. "मावशी, डावीकडं कलली म्हणून वाचलात," तो सारखा म्हणत होता. "सरळ आला असता तर ट्रॉलीत घुसला असता."

दौंडच्या दवाखान्यात साहेबरावांच्या गळ्याजवळचं हाड मोडलेलं निघालं. डॉक्टर तरुण होते. हात गळ्यात बांधता बांधता त्यांनी विचारलं, "असं याआधी झालंय? बसल्या बसल्या झोप लागणं?"

"न्हाई," साहेबराव म्हणाले. मग अंजनाकडं बघितलं आणि खाली मान घातली. "झालंय. दिवाळीत रांजणगावच्या पुढं. जाग आली तवा गाडी गवतात व्हती. कारखान्यात मशीनवर बी दोनदा झालं. सायबानं दम दिला व्हता."

अंजना म्हणाली, "म्हंजी तुम्हाला ठाऊक व्हतं."

"मला वाटलं, अंग दमतंय म्हणून व्हतंय. म्हणून तर फोम बदलला, पाठीला गादी केली. म्हटलं, बसायला सुख झालं की झोप येणार न्हाई."

"आन् मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तू बसली नसतीस," ते म्हणाले.

अंजना उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि तिला विचारू लागले, घोरतात का, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का, मग धापा टाकत उठतात का. ती प्रत्येकाला मान हलवत गेली. हे सगळं ती कित्येक वर्षं शेजारी पडून ऐकत होती आणि झोपेतली खोड समजून कूस बदलत होती.

"पुण्यात तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले. "झोपेत श्वास अडतो, म्हणून रात्रभर झोपूनही त्यांची झोप होत नाही. तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दौंड स्टेशनवर दोघं सोलापूरच्या पॅसेंजरची वाट बघत बसली. पाण्याच्या नळाशी गर्दी होती, शेंगदाणेवाला ओरडत होता, आणि एवढ्या गलक्यात साहेबराव बसल्या जागी झोपले. डोकं तिच्या खांद्यावर आलं. थोड्या वेळानं घोरणं थांबलं. अंजनानं स्वतःचा श्वास रोखला. थांबलेलं सुरूच होईना. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ते बुडणाऱ्या माणसासारखा आवाज काढून परत श्वास घ्यायला लागले. शेजारची बाई हसली. अंजनाला हसू आलं नाही. गाडी येईपर्यंत तिनं असा कितीतरी वेळा आपला श्वास धरून ठेवला.

गौतमीला मुलगी झाली. आजोबांनी एका हातानं तिला मांडीवर घेतलं, पण त्यांचा डोळा लागेल म्हणून अंजना बाजूलाच बसून राहिली, उठली नाही. पावसाळ्यात पुण्याला तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले होते तेच निघालं. नाकाला लावून झोपायचं मशीन आलं. कारखान्यानं साहेबरावांना मशीनवरून स्टोअरला दिलं. ते त्यांच्या मनाला लागलं. वर्षभरानं डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते पुन्हा गाडी काढू लागले, बाजारापुरती.

अंजना तिच्यावर बसत नाही. सोलापूरला जायचं झालं की दोघं दौंडवरून रेल्वे धरतात. साहेबराव खिडकीशी बसून शेतं बघतात, तिला कुठलं पीक आहे ते सांगतात. ती बहुतेक वेळ डोळे मिटून असते. पण त्यांचं बोलणं थांबलं की ती लगेच डोळे उघडते.