रीळवाल्याची तीनचाकी

मित्रांनो, मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे. पूर्वी मला दोन चाके होती, आता तीन आहेत. हे तिसरे चाक सुखासुखी आलेले नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. मला घरी आणले ते एका रीळवाल्याने. त्या काळी एकाच सिनेमाची रिळे दोन थिएटरांत चालत. इथले रीळ संपले की डब्यात घालून तिथे पोहोचवायचे, हे त्याचे काम. उशीर झाला की पडदा पांढरा पडे आणि प्रेक्षक खुर्च्या बडवत. माझा धनी मागे डबे आवळून मला अशी पळवायचा की धुराची शेपटीच उठे. त्याने अर्धे आयुष्य सिनेमे वाहिले, पण एकाही सिनेमाचा शेवट धड पाहिला नाही.

माझ्यासारख्या इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावे लागते. धनी ते स्वतः मापून मिसळायचा. एकदा त्याच्या मुलाने घाईत नुसतेच पेट्रोल भरले. भर रस्त्यात पिस्टन तापून आत चिकटला आणि मी जागच्या जागी थिजले. मुलाने मला ढकलत आणून जिन्याखाली उभे केले. थिएटरेही एव्हाना बंद पडू लागली होती. मग माझी आठवण कोण काढणार? माझ्या सीटवर फाटक्या गाद्या आल्या.

पुढे धन्याच्या डाव्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार जुना. जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यातून आला तो भिंतीकडे तोंड करून निजला. धड जेवेना, बोलेना. उजव्या टाचेलाही फोड आला, तरी पट्टी बदलायला जाईना.

"असंच चाललं तर हाही पाय जाईल," डॉक्टरीणबाईंनी लेकीला स्पष्ट सांगितले.

लेक वेल्डर होती. लोखंडी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायची. तिने विनवण्या केल्या, रागावली, रडली. शेवटी म्हणाली, "बाबा, तुमची गाडी चालू करते. एका पायानं चालवता येईल अशी."

"भंगारात घाल," तो भिंतीलाच म्हणाला. "तिला आणि मलापण."

तिने मला जिन्याखालून ओढून काढले. मित्रांनो, मला वाटले, निघाले भंगारात! पण तिने इंजिन खोलले. अडकलेला पिस्टन लाकडाने ठोकून ठोकून बाहेर काढला. माझ्या मापाचा दुसरा काही केल्या मिळेना. माझ्या जातीच्या गाड्या बनणे बंद होऊन जमाना लोटला होता. वणवण करून तिने दुसऱ्याच गाडीचा पिस्टन आणला आणि माझे सिलिंडर त्याच्या मापाचे करून घेतले. डाव्या पायाचा गिअर काढून टाकीजवळ हाताचा दांडा बसवला. पाय टेकायची वेळच येऊ नये म्हणून बाजूला एक साइडकार जोडायची होती, पण माझा मागचा सांगाडा गंजला होता. तो कापून काढणे भाग होते.

तिने ग्राइंडर उचलला तशी तिची आत्या आडवी आली. "अगं, बापाचा पाय कापला, आता गाडी कापतेस? त्याला कळलं तर जीव देईल तो!"

"असाही देतायतच ना, आत्या? मग मी काय करू? नुसती बघत बसू?"

तिने ग्राइंडर चालू केला. ठिणग्या उडाल्या. मी कापली जात होते आणि ओरडायला माझ्याकडे आवाज नव्हता. ओरडला तो धनी.

"बंद कर ते! हात लावू नकोस तिला!"

तो बसूनच, सरकत सरकत, एकेक पायरी उतरत होता. पण तोवर माझा मागचा भाग फरशीवर पडला होता. त्याने तो तुकडा मांडीवर घेतला आणि तो हमसून हमसून रडला.

लेक त्याच्याशेजारी मटकन बसली. "बाबा, मला दुसरं काही सुचत नाही हो. लोखंड जोडता येतं, तेच करतेय."

मग त्याने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. गंजाचा भुगा हातात आला.

"आतून सगळं खाल्लंय की गं," तो हळूच म्हणाला. "कापायलाच हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याजवळ खुर्ची टाकून बसू लागला. बोलणे बेताचेच, पाना मात्र मागण्याआधी पुढे करायचा. तिसरे चाक जोडले गेले. लेकीने किक मारून मारून घाम गाळला, तरी मी सुरू होईना. ती हँडलवर डोके टेकून म्हणाली, "आता तूही नको ना गं छळूस!" पुन्हा मारली आणि मी खोकत, धूर ओकत जागी झाले.

धनी कुबड्या टाकून माझ्यावर बसला. लेक साइडकारमध्ये शिरली.

"कुठे जायचं, बाबा?"

"दवाखान्यात. पट्टी बदलायचीय."

टाच अजून पुरती भरलेली नाही. डॉक्टरीणबाई खात्री देत नाहीत. माझा पिस्टनही परका आहे. कधी दगा देईल, सांगता येत नाही. म्हणून, मित्रांनो, एकच मागणे. तुमच्या घरी कोणी कोपऱ्यात पडून असेल, वस्तू असो की माणूस, तर 'राहू दे' म्हणून पुढे जाऊ नका. गंज कोणाची वाट पाहत नाही. जवळ जा, हात लावा. शिव्या खाव्या लागल्या तरी लावा.