दुपारच्या धारेचं दूध

"तेवीस," तपासनिसाने कागदावरून वाचलं.

"जरा मोठ्यानं," मालक म्हणाले. "आत ऐकू जायला हवं."

आत म्हणजे पेंडीच्या कोठारात. तिथे त्यांची थोरली सून फावड्याने पेंड आणि मक्याचा भरडा एकत्र करत होती. तपासनिसाने घसा साफ केला आणि पुन्हा एकदा तेवीस म्हटलं, या खेपेला जरा ओशाळून.

दुधातल्या युरियाचा हा आकडा. बारा ते सोळा असला की पेंड गाईच्या अंगी लागतेय असं समजायचं. विसाच्या वर गेला की ती मुतावाटे गटारात चाललीय, आणि वर गाय गाभण राहायलाही कुरकुरते. चाळीस गाईंच्या या गोठ्यात अकरा गाई दोन-दोनदा फळवूनही गाभण राहिल्या नव्हत्या.

थोरली दारात आली तशी मालकांनी कागदाची घडी घातली. "अकरा गाई. तुझ्या हातचं खाऊन तुझ्याच वळणावर गेल्या म्हणायच्या."

थोरलीला मूल नव्हतं, आणि चार वर्षांपासून नवराही नव्हता. होतं ते हे कोठार आणि त्याच्या मागची खोली. पुढच्या महिन्यात आकडा सोळावर आला नाही तर कोठार धाकटीकडे जाईल, आणि कोठारासोबत खोलीही, असं मालकांनी जेवताना सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. थोरलीने मग भाच्याकडे राहावं. भाच्याकडे एक खोली आणि तीन मुलं होती, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"मी वजन करून घालते, मामंजी," थोरली म्हणाली. केसांपासून पायांपर्यंत ती भरड्याच्या धुळीने पांढरी झाली होती. "अठरा वर्षं काटा तोच आहे."

"मग काटा म्हातारा झाला असेल. नाहीतर तू."

धाकटी हसली नाही. अशा वेळी हसण्याइतकी ती भोळी नव्हती. तिने तपासनिसाला चहा दिला आणि जावेलाही दिला, बशीसकट.

दर महिन्याला दुधाची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवायचं काम या धाकटीचं. प्रयोगशाळेने सुरुवातीलाच एक छापील पत्रक दिलं होतं: तिन्ही धारांचं दूध एकत्र करून पाठवावं. कारणही लिहिलं होतं. पेंड खाल्ल्यावर तीन-चार तासांत दुधातला युरिया चढतो आणि पहाटेपर्यंत पुन्हा उतरतो. गोठ्यात पेंड पडायची सकाळी नऊला, दुपारची धार निघायची साडेबाराला. धाकटीने पत्रक दोनदा वाचलं आणि मांडणीच्या फळीवर डब्यांखाली अंथरलं. तेव्हापासून बाटलीत फक्त दुपारचं दूध जाऊ लागलं. घरात दुसऱ्या कोणाला छापील काही वाचायची सवय नाही, असा तिचा अंदाज होता.

थोरलीने पेंड चौथ्या हिश्श्याने कमी केली. दूध घटलं, त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. प्रत्येक घमेलं ती काट्यावर दोनदा ठेवायची आणि वजन मोठ्याने म्हणायची, जवळपास गाईंशिवाय कोणी नसलं तरी.

महिन्याने आकडा आला. एकोणीस.

"उतरलाय की, मालक," तपासनीस म्हणाला. "चांगलाच उतरलाय. पण मी काय म्हणतो, बाटलीत दूध कोणत्या धारेचं..."

"बिस्किट घ्या," मालकांनी बशी त्याच्यापुढे सरकवली. "मी सोळा म्हटलं होतं."

तपासनिसाने बिस्किट घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने जावेला कोठार दाखवलं. कोणतं पोतं आधी उघडायचं, ओल कुठल्या कोपऱ्यात धरते, सगळं. "ती शिंगमोडी आहे ना, ती नुसती पेंड वेचून खाते. तिचं नीट कालवत जा."

"तुम्ही कशाला आता जिवाला घोर लावून घेता, जाऊबाई? तिकडे आराम करा. हातांची सालं तरी निघायची थांबतील."

"आराम कुठे करायचा ते भाच्याला विचारून कळवते," थोरली म्हणाली.

दुधाच्या गाडीतच ती गेली. धाकटीचा नवरा गाडी चालवायचा, आणि भाच्याचं घर वाटेवरच होतं, त्यामुळे वेगळी खेप पडली नाही. कॅनांच्या मध्ये तिची ट्रंक नीट बसली. ट्रंकेवर ती बसली.

धाकटीने पेंड पुन्हा अठरा वर्षं होती तेवढीच केली. मागच्या खोलीत मुलाचं अभ्यासाचं टेबल लावलं. बाटली मात्र पहाटेच्या दुधाने भरली.

आकडा आला तेरा.

"हाताला गुण आहे वहिनींच्या," तपासनीस म्हणाला, आणि चहा न घेताच निघाला.

तो गेल्यावर मालक कोठाराच्या दाराशी येऊन उभे राहिले. धाकटी पेंड तोलत होती. त्यांनी काट्याकडे पाहिलं; वजन थोरलीच्या वेळचंच होतं.

"त्या अकरांतल्या किती राहिल्या गाभण?"

"अजून एकही नाही, मामंजी."

"राहतील. आकडा तर झकास आहे." त्यांनी खिडकीतल्या प्रयोगशाळेच्या रिकाम्या बाटल्या उचलल्या आणि एकेक करून खिशात घातल्या. "पुढच्या महिन्यापासून बाटली मी भरत जाईन."

उचलायला घेतलेलं घमेलं धाकटीच्या हातात तसंच राहिलं. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला," मालक म्हणाले. "दुपारी मला दुसरं काम नसतं."